ती तुमच्याकडे शिकली

आप्पा,

परवा मी तुमच्यावर पुन्हा चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं चिडायचं, पण चिडले. आपल्या सुरतेत पत्रकारांची एक कार्यशाळा होती. आशियातली वर्तमानपत्रं आणि वाहिन्या भेसळीच्या, विषबाधेच्या, कुपोषणाच्या बातम्या कशा देतात, हा विषय. ढाका आणि कोलंबोचे पत्रकार पडद्यावरून बोलत होते. मी जिथे काम करते त्या पोर्टलने मला पाठवलं होतं. आणि मंचावर मधल्या खुर्चीत ती बसली होती, तुमची लाडकी वार्ताहर. केस पांढरे झालेत, आवाज मात्र तसाच खणखणीत.

तिला पाहिलं आणि मी उधन्याच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मी बारावीला आहे, तुम्ही महापालिकेत अन्न निरीक्षक, आणि ती एका गुजराती दैनिकात नवीन लागलेली. तुम्ही तिला घरी घेऊन आला आहात. ओट्यावर उकळून गार केलेलं पनीर आहे. त्यावर आयोडीनचा थेंब पडतो आणि तुकडा निळा होत जातो. "निळं झालं म्हणजे यात स्टार्च आहे," तुम्ही तिला सांगता. "तेवढंच लिहायचं. विष सापडलं, असं लिहायचं नाही. भेसळ वेगळी, विष वेगळं." मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी. मलाही करून बघू द्या म्हटलं, तर मान न वळवता म्हणालात, "तू तुझ्या परीक्षेचं बघ." दुसरा थेंब तिने टाकला.

मग पांडेसऱ्याच्या शाळेचं ते प्रकरण झालं. दुपारची खिचडी खाऊन मुलांना उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर 'विषारी खिचडी' सुरू, आणि खिचडी रांधणारी बाई, आपल्याच शिरपूरकडची, तिचा चेहरा घरोघरी. तुम्ही नमुने तपासणीला पाठवून घरी आलात ते न जेवताच बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी एकाच पेपरात लिहिलेलं होतं की कारण अजून कळलेलं नाही, तपासणी चालू आहे. बातमी तिची होती. तिच्या संपादकाने तिला त्यावरून झापलं, हेही तुम्हीच आम्हाला सांगितलंत. अहवाल आला तेव्हा दोष पाण्याच्या टाकीचा निघाला. तोवर ती बाई पोराबाळांसकट गावी निघून गेली होती. "एकटीने धीर धरला पोरीने," तुम्ही आईला म्हणालात, आणि तुमचे डोळे भरून आले. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही नुसतं "छान" म्हणाला होतात. मी पत्रकार का झाले, असं लोक विचारतात, तेव्हा मी समाजाबिमाजाचं सांगते. खरं कारण तिच्यासाठी तुमचे डोळे भरून आले तो दिवस आहे. तिच्याहून चांगलं लिहून दाखवायचं होतं, तुम्हाला. पण माझं नाव पहिल्यांदा छापून यायच्या आत तुम्ही गेलात.

परवा ढाक्याच्या एका तरुण पत्रकाराने तिला विचारलं, अहवाल येईपर्यंत हे थांबणं तुम्ही कुठे शिकलात? ती म्हणाली, एका अन्न निरीक्षकाकडे, त्यांच्या घरच्या ओट्यावर. सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारची मुलगी भराभर लिहून घेत होती, आणि मी जळत होते आप्पा, अगदी खरोखर. नमुना हातात आला की अहवालाची वाट मीही बघते. गेल्या दिवाळीत मिठाईतल्या माव्याची बातमी बाकीच्यांनी माझ्याआधी दिली, मी थांबले म्हणून. पण हे मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

चहाच्या वेळी तिनेच मला ओळखलं. "तू साहेबांची दीकरी ने? मुलगी? बस, बस इथे." माझा हात धरून ठेवला. तिचं मराठी मोडकं, तेही तुम्हीच शिकवलेलं. म्हणाली, "तपासणीला जाताना जीपमध्ये साहेब गायचे. अहिराणी गाणी. फार हसवायचे. घरी पण गात असतील, नाही?"

घरी. जिथे आई एखादा अहिराणी शब्द बोलली तरी तुम्ही "मुलांसमोर नको" म्हणायचात. मी तिला म्हटलं, "हो, गायचे ना," आणि कप ठेवून निघाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे एवढंही लिहून टाकते. काल मी तिला फोन केला. पोषण आहारावर लेख करतेय, थोडं बोलायचंय, असं सांगितलं. ती म्हणाली, रविवारी ये. लेखबीख काही नाही, आप्पा. तुम्ही काय गायचात, ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे.