सुदाम टाकलं की काही सापडत नाही

४ फेब्रु., बुध.
आमच्या गाण्यांच्या साइटचा लॉग वाचला. लोकांनी शोधलेलं आणि साइटने नन्नाचा पाढा लावलेलं, सगळं एका यादीत. कौस्तुभ (कोड त्याचा, डिझाइन माझं) आणि मी त्या यादीला 'कासाना' म्हणतो. म्हणजे 'काही सापडलं नाही'.
'पाळण्याचं गाणं बाईचा आवाज'. 'ते चूल वालं'. 'मिरवणूक निघताना म्हणतात ते'.
चळवळीची, विहारातली, गायन पार्ट्यांची एवढी गाणी चढवली, आणि शोधायला काय दिलं? गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव. ही गाणी नावाने ओळखतं कोण? कुण्णी नाही. आणि हे डोकं माझंच चाललेलं. धन्य.

७ फेब्रु., शनि.
घरी, डोंबिवली. पप्पांच्या हातात फोन दिला. म्हटलं, एक गाणं शोधा, मी मधे बोलणार नाही. चष्मा लावला, शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि चक्क गुणगुणायला लागले.
"अगं, याला चाल कळत नाही?"
नाही कळत.
"मग मधलं कडवं?"
तेही नाही.
"मग याला कळतं काय? आमच्या पार्टीत कुणी कधी गाण्याचं नाव विचारलं नाही. म्हणायचे, ते पोरीच्या शाळेचं घ्या. की आम्ही सुरू."
आठवडाभर कंपनीत केमिकलचे ड्रम आणि रविवारी गायन पार्टी, असं पप्पांचं आयुष्य गेलं. आता रिटायर. साइटवर त्यांची चौदा गाणी आहेत, जुन्या कॅसेटवरून घेतलेली. 'कवी व गायक: किसन'. बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना दाखवून झालंय. मी चिडवते, पण मलाही भारी वाटतं. खोटं कशाला बोलू.

११ फेब्रु.
ठाण्यात, खोपटच्या ऑफिसात दिवसभर डोक्याची मंडई. ठरलं ते असं: कुठल्याही कडव्यातली कुठलीही ओळ चालली पाहिजे. प्रसंगावरून शोधता आलं पाहिजे – नामकरण, लग्न, जयंती, शोकसभा. टायपिंग चुकलं तर समजून घ्यायचं.
कौस्तुभ: "सगळंच घेतलं तर सगळंच येईल. मग शोधलं कशाला?"
पॉइंट आहे. म्हणून ओळ जशीच्या तशी जुळली तर ती वर, बाकी खाली.
आणि कासानाच्या पानावर नुसतं 'सॉरी' नको. तिथे लिहिलं: 'आमच्याकडे मिळालं नाही. तुम्हाला आठवतंय तेवढं लिहा, माणूस बसवून शोधतो.' माणूस म्हणजे मी.

१८ फेब्रु.
यादीत एक नाव. 'कवी सुदाम'. 'सुदाम कल्याण'. 'सुदाम यांची गाणी'. आठवडाभर, रोज सकाळी. रोज कासाना. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.
जेवताना पप्पांना विचारलं, सुदाम नावाचे कुणी कवी होते का?
"होता एक. आमच्यात ढोलकीला." मग आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं कमी.

२० फेब्रु., शुक्र.
नव्या पानातून पहिला मेसेज. उतरवून ठेवते:
'नमस्कार. मी सुमन, कल्याण पूर्व. माझे मिस्टर सुदाम तुमच्यात सापडत नाहीत. आता ते नाहीत. ढोलकी वाजवायचे पण गाणी लिहायचे हे मुख्य. पाटी घेऊन पोर निघाली, चूल म्हणाली थांब, हे त्यांचं. शेवटी त्यांचं नाव येतं बघा.' खाली फोन नंबर.
ओळ टाकली. पहिलंच आलं. आमचा नवा शोध एकदम झकास.
पप्पांचा आवाज. हे ऐकतच मोठी झालेय मी. तरी शेवटपर्यंत ऐकलं. 'किसन म्हणे, जाऊ द्या तिला, वाट तिची लांब.'
शेवटच्या कडव्यात लिहिणारा आपलं नाव घालतो. सगळेच घालतात, तीच त्याची सही.
बाईंचा गैरसमज असेल. असेलच.

२१ फेब्रु.
सकाळी चहाला विचारलं. पाटीचं गाणं तुमचं ना?
"आवाज माझाच की."
लिहिलंय कुणी, पप्पा?
बशी पुसत बसले. पुसून झालेली बशी.
"सुदाम रेकॉर्डिंगच्या दिवशी सेकंड शिफ्टला होता. कॅसेटवाला म्हणाला, गाणाऱ्याचंच नाव घ्या, लोकं त्यालाच ओळखतात. म्हटलं, सुदामला नंतर सांगू."
सांगितलंत?
"त्याने लाउडस्पीकरवर ऐकलं. पुढच्या रविवारी ढोलकी घेऊन आला, रोजच्यासारखा. एक शब्द बोलला नाही गं."
मी उठले. इतका राग आला की तिथे बसवेना. शाळेच्या गॅदरिंगला हेच गाणं म्हटलेलं मी. 'माझ्या पप्पांनी लिहिलंय' असं माइकवर सांगून.

२३ फेब्रु., सोम.
साइटवर नाव बदलायचं तर कुणाच्या सांगण्यावरून बदललं हे लिहावं लागतं. काय लिहू? कौस्तुभला अर्धवटच सांगितलं. तो म्हणाला, "मग छुपा शब्द टाक ना. सुदाम शोधलं की हे गाणं येईल, पानावर काहीच दिसणार नाही. दोन मिनिटांचं काम."
दोन मिनिटंही नाही लागली. सुदाम टाकलं, गाणं आलं, खाली नाव किसन. त्या बाईंना गाणं मिळेल, पप्पांचंही काही जाणार नाही. असं स्वतःला समजावलं. लाज वाटली, पण टाकलं.

२५ फेब्रु.
सुमनकाकूंना फोन केला.
"सापडलं गं बाई! सकाळी नाव बोलले फोनमध्ये, तर आलं!" हसत होत्या. मग: "पण खाली किसनभाऊंचं नाव पडलंय. चुकून झालं असेल तुमच्या माणसांकडून. तेवढं बदल हां."
माझं नाव विचारलं. नुसतं प्रज्ञा सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. शी!
घरी पप्पांना शब्दन् शब्द सांगितला. 'चुकून म्हणाली?' असं दोनदा विचारलं त्यांनी. मग म्हणाले, रविवारी कल्याणला जाऊ.

१ मार्च, रवि.
पप्पांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षा केली. पत्री पुलावर अडकलो तेव्हा वाटलं, आता म्हणतील परत फिरू. तसं म्हणाले नाहीत.
दोन खोल्या, भिंतीवर सुदामकाकांचा फोटो. पप्पा बसलेच नाहीत.
"वहिनी, ते नाव चुकून नाही पडलं. मी घातलं."
"माहीत आहे मला, भाऊजी. त्यांनाही माहीत होतं. म्हणायचे, किसनचा गळा नसता तर गाणं वहीतच राहिलं असतं."
पप्पा रडले. असे रडताना मी त्यांना आई गेली तेव्हाच पाहिलेलं. माफ करा, म्हणाले.
काकू म्हणाल्या, "त्याचं मी काय सांगू? ते त्यांनी करायचं होतं. तुम्ही उशीर केलात."
चहा दिला. मग माझ्याकडे बघून, "तू किसनभाऊंची होय? फोनवर बोलली नाहीस." मी मान खाली घातली.
निघताना दारात काकूंनी पप्पांना विचारलं, "एकच गाणं का?"
पप्पा चपला घालत राहिले.

२ मार्च, सोम.
आज घरूनच काम. पाटीच्या गाण्याखाली 'कवी: सुदाम, गायक: किसन' केलं. कुणाच्या सांगण्यावरून, तिथे पप्पांचं नाव लिहिलं. छुपा शब्द काढून टाकला.
दुपारी पप्पांनी वहीचा कागद आणून दिला. वळणदार अक्षरात गाणी, ओळीने. वर लिहिलेलं, 'सुदामची'. मोजली. पाटीचं धरून नऊ.
सातवं माझ्या नामकरणाचं. माझ्यासाठी रात्रभर जागून लिहिलं म्हणून सांगायचे ते.
बोलले असते तर फार बोलले असते. कॉम्प्युटर उघडला आणि एकेक नाव बदलत गेले, ते शेजारी स्टुलावर बसून बघत होते. नववं झालं तेव्हा म्हणाले, "बाकीची पाच माझी आहेत गं. खरंच माझी आहेत."
हो पप्पा, म्हटलं.
मला माहीत नाही.