भिशीतलं मधलं माणूस

नांदेड, सोमवार

चि. सौ. मंजुश्री हिला,

तुझ्या नांदेडच्या थोरल्या जावेचे शरणार्थ आणि आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? लातूरला नळ वेळेवर येतो का? (नसेल तर तक्रार लिहून दे, तोंडी ओरडून काही होत नाही.) आम्ही ठीक. म्हणजे तब्येतीने.

तुझी कमलम्मामावशी आमच्या गल्लीची भिशी चालवायची. आम्ही तिच्याकडे पैसे टाकायचो, जिला नड असेल तिला ती त्यातून व्याजाने द्यायची आणि मधले थोडे स्वतःला ठेवायची. मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेलं. पैसा म्हणजे खऱ्या व्यवहारावरचा नुसता पडदा, असं तेव्हा पाठ केलं होतं. मग पडद्याला मजुरी कशाला? मी सगळ्यांसमोर सुचवलं, की जिच्याकडे आहेत तिने जिला हवेत तिला थेट द्यावेत. कमलम्मा एवढंच म्हणाली, "हाव बाई, तुम्ही लई शिकलेल्या. चालवा मग." आणि भिशीचा डबा आमच्यापुढे रिकामा करून घरी गेली.

मग गल्लीतल्याच वर्षाराणीच्या पैशातून शेजारच्या सिंधूने सोफा घेतला. तेव्हापासून वर्षाराणी रोज दुपारी त्यावर लवंडायला जाते. शेवटी सिंधू म्हणाली, "वैनी, पैसा तुमचा हाय, पण कंबर माझी दुखून राहिली. घडीभर मला बसू द्या की." वर्षाराणीने उठायच्या ऐवजी विचारलं, हा चहाचा डाग कुणाचा? माझे पैसे दीपमालाच्या पिठाच्या गिरणीत. मी फक्त जाळी झाडलेली आहे का, एवढंच बघायला जायचे (रोज नाही, एक दिवसाआड). परवा तिने आतून कडी लावली.

कमलम्माच्या वेळी कुणाचा पैसा कुणाच्या घरात आहे, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर आम्ही एकमेकींकडे नुसत्या चहाला जाऊ शकत होतो. ती मजुरी त्याची होती. पुस्तकात हे नव्हतं, किंवा ते पान मी गाळलं असेल.

दर सोमवारी कमलम्मा आणि मी एकाच ऑटोने महादेवाला जायचो. आज ती पुढच्या ऑटोत होती, मी मागच्या. रस्ता तोच, भाडं दुप्पट. उतरल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही.

सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
अक्का

ता.क. मावशीला फोन कर. भिशी पुन्हा तुम्हीच घ्या, असं गल्लीतल्या सगळ्या म्हणतात, एवढंच सांग. माझं नाव घेऊ नकोस. मी स्वतः का बोलत नाही, असं विचारू नकोस. काही व्यवहारांत मधलं माणूस लागतं. तुझी मजुरी म्हणून दोन किलो हळद पाठवते.

ता.क. २. तिने खोदून विचारलं, तर माझं नाव सांग. नाही विचारलं, तरी सांग. पुढच्या सोमवारी मी कोपऱ्यावर ऑटो थांबवून ठेवीन. वेटिंगचे पैसे मी देईन.