बेशरमच्या कांड्या

दादा,

आज तालुक्याहून एक साहेब येऊन गेले. आपल्या ओढ्याला माजलेल्या बेशरमच्या झुडपांपासून आम्ही बचत गटाच्या बाया जळणाच्या कांड्या करतो. त्या बाजारात न्यायच्या तर अर्जात मालाचं नाव पाहिजे म्हणाले. नावाच्या रकान्यापाशी माझा पेन अडला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण बाप माझा असा, की नेमका त्याचाच शब्द आडवा आला. रागच आला मला तुमचा. म्हणून हे लिहून राहिले.

तुमच्या वेळी बेशरमला एकच काम, माजायचं. तुम्ही दर साली विळ्यानं तोडायचे, बांधावर फेकायचे, आणि फेकलेली काडी तिथंच मूळ धरायची. शेळीनं पाला खाल्ला आणि थरथरत मेली, तेव्हा दोन दिवस तुम्ही ओढ्याला शिव्या घालत होता. आता तोच पाला आम्ही बारीक चिरून शेणात कालवतो आणि गोबरगॅसच्या टाकीत सोडतो. पहिल्या खेपेला शेण कमी पडलं, टाकी नुसती आंबली. गावभर वास आणि गॅसचा पत्ता नाही! आता शाळेतली खिचडी त्याच गॅसवर शिजते, टाकीतून निघालेला रबडा हळदीच्या वाफ्यांना जातो. दांड्या वाळवायच्या, त्यांचा भुसा करायचा, यंत्रात दाबायचा, की कांड्या तयार. हळद शिजवायच्या भट्टीत लाकडासारख्या जळतात. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग एक कांडी उचलून दाताखाली धरून पाहिली असती.

तो दिवस मात्र आहे तसा डोळ्यासमोर आहे. मी एकोणीस वर्षांची, पुसेगावहून, सासरहून, एकटी निघालेली. नवऱ्यानं चुलीतलं जळतं लाकूड माझ्या डाव्या हाताला लावलं होतं, त्याला फडकं गुंडाळलेलं. हिंगोलीला गाडी बदलली, डोंगरकड्याच्या थांब्यावर उतरले आणि सरळ ओढ्यावर आले. तुम्ही गुडघाभर पाण्यात बेशरम तोडताय, बांधावर भावकीतले दोघं बसलेत. तुम्ही माझा हात पाहिला, त्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणालात, "बेशरम." बस, एवढंच. आणि मी वेडी, मला वाटलं झाडाला म्हणताय. "व्हय दादा, लईच माजलंय," म्हणाले मी. बांधावरचे दोघं फिसकन हसले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुम्ही पाण्यातून वर आलात, दुसरा विळा माझ्या धडक्या हातात दिला आणि "काप," म्हणालात. दिवस बुडेपर्यंत मी कापत होते. मग तुम्ही पुढं, मी मागं, घरी. आईनं काही न विचारता भाकर वाढली. आठवड्यानं सासरचे न्यायला आले, तर तुम्ही ओट्यावरून उठला पण नाही. "लेकीला काम हाय इथं," म्हणालात. ते लोक चहा न घेता गेले. पण तो शब्द तुम्ही कधी मागं घेतला नाही. मी वाट पाहिली, दादा. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही पाय दाबता दाबता वाट पाहिली. चार लोकांत म्हणाला होता तुम्ही, फार लागलं होतं मला.

तर नावाचं. साहेब म्हणाले, "हरित इंधन लिहा, चांगलं दिसतं." आमच्यातली एक म्हणाली, "मंग काय! न्हाई तर बाजारात वरडावं काय आमी? बेशरम घ्या हो, बेशरम?" अशा हसल्या बाया, की साहेबाला पण आवरेना. पण तांड्यावरची एक आहे, तोंडाची फटकळ, कामाला वाघ. ती म्हणाली, "काहून लपवायचं? ज्याचं हाय त्याचं नाव लावा. काकू, तुमी लिहा. तुमाला कोनाची लाज हाय? भाजल्या हातानं नवऱ्याचं घर सोडून आलत्या तुमी." मग मी लिहिलं, ठळक अक्षरात, बेशरम. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला.

या बायांना वाटतं मी मोठी धीराची. कुणाची पोरगी रडत माहेरी आली की तिला माझ्याकडं धाडतात, काकूसारखं खमकं व्हय म्हणून. मीही मान डोलावते, काय करू? हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तेवढं खरं सांगून टाकते. त्या दिवशी डोंगरकड्याला उतरताना मी कंडक्टरला परतीची गाडी किती वाजता ते विचारून ठेवलं होतं. तुम्ही नुसतं "परत जा" म्हणाला असता, तर मी गेले असते.