विहिरींतली कुमुद

३ नोव्हें. १९९८
प्रुफं आली. प्रकाशक म्हणतो, "सर, पंधरा दिवसांत परत द्या, मशीन रिकामं आहे." वाचताना स्वतःच हसत होतो. जुन्या मराठी कादंबऱ्यांत मारून टाकलेल्या सगळ्या नायिका सीबीएस स्टँडवर एसटी पकडतात आणि आपापल्या लेखकाला जाब विचारायला निघतात. प्रक. ७ सगळ्यात भारी. अण्णांच्या कादंबरीतली कुमुद विहिरीतून निथळत वर येते आणि कंडक्टरला विचारते, मेलेल्यांना अर्धं तिकीट आहे का?
अण्णा असते तर जोडा काढला असता. माझ्या बापाच्या कुमुदसाठी लोक चाळीस वर्षं रडतायत. पण मराठी कादंबरीत विहीर दिसली की बाई पडणारच, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं ना!

५ नोव्हें.
घोळ. नक्कल करायची तर जुन्या लेखनातच, म्हणून नाहीं, कां, तिनें असं सगळं टिंबांसकट लिहिलं. आता डीटीपीवाली विचारते, टिंब नेमकं कुठे द्यायचं? मला तरी कुठे येतंय! मी शाळेत जाईपर्यंत ती टिंबं गेली होती. अंदाजपंचे पेरलीत.
आमची ही, मंदा, म्हणाली, आत्यांना दाखवा. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता देवळाली कॅम्पात एकटी. कुमुद तिच्यावरूनच बेतलेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक. लहानपणी आम्ही चिडवायचो, "आत्या, तू तर बुडालीस ना?" ती चहा टाकायला उठायची.

८ नोव्हें., रवि.
कॅम्पात जाऊन प्रुफं दिली. तिने चष्मा लावून पहिलंच पान धरलं. "हे काय रे? 'तीं' म्हणजे चार पोरं झाली. बाई एकटी आहे ना? मग टिंब काढ." लाल पेन मागितलं. बरं वाटलं. कान धरणारं एक तरी माणूस उरलंय. निघताना म्हटलं, सातव्याला हसशील बघ.

१४ नोव्हें.
आत्याने शेजाऱ्यांबरोबर प्रुफं पाठवली. निरोप काही नाही. सहा प्रकरणं लालेलाल, एकेक टिंब तपासलेलं. सातव्यात एकही खूण नाही. शेवटी समासात एवढंच:
"मी पडले होते. अण्णाने ओढून वर काढलं. तुला कुणी सांगितलं नसेल."
तीनदा वाचलं. म्हणजे आम्ही पोरं तिला चिडवायचो तेव्हा… आणि आता मी, या वयात. शरम वाटते. अण्णांचा रागही येतोय. सांगायचं तरी होतं!

१५ नोव्हें., रवि.
गेलो. तीच बोलली.
"वर काढलं, रडला, कुणाला सांगू नको म्हणाला. सहा महिन्यांनी कादंबरी घेऊन आला. त्यात मी मेलेली. माझं अक्षर चांगलं ना, फेअर कॉपी मीच केली."
"विहिरीचं प्रकरणसुद्धा?"
"सगळी. एक टिंब चुकलं नाही."
विचारलं, का पडलीस? तर म्हणे, "ते अण्णाच्या पुस्तकात नाही ना? मग नाही सांगत."
म्हटलं, प्रक. ७ काढून टाकतो. तर उसळलीच. "काढून टाक, मारून टाक, हसं कर. तुम्हा बापलेकांना एवढंच येतं. विचारायचं मात्र नाही!"
बसमध्ये माझा स्टॉप कधी गेला कळलं नाही.

१८ नोव्हें.
प्रकाशकाचे दोन फोन. सात काढून पाहिलं, पुस्तक उभंच राहत नाही. कुमुदचं नाव बदललं तर? छे. ओळखणारा ओळखणारच, आणि आत्याला तर ओळखायचीही गरज नाही.
मंदा वैतागली. "पुस्तक पुस्तक काय करताय! त्या दोन दिवस जेवल्यात का, ते विचारा आधी."

१९ नोव्हें.
आत्याला फोन. आधी जेवणाचं विचारलं. मग पहिल्यांदाच विचारलं, छापू का? तर म्हणाली, "डोळ्यांनी वाचलं, हसू आलं नाही. तू वाचून दाखव. माझ्यासमोर बसून, मोठ्याने. मग सांगते."
हो म्हणून बसलोय.

२१ नोव्हें.
घरात कुणी नव्हतं, मोठ्याने वाचून पाहिलं. कंडक्टरपर्यंत जमलं. जिथे जिथे लोक हसतील म्हणून खूश होतो, नेमकं तिथेच वाचवेना.
प्रकाशकाला सांगितलं, सोमवारपर्यंत थांबा. तो म्हणाला, एवढंच, जास्त नाही.
उद्या दहाची बस. ती हसली नाही तर पुस्तक मागे घ्यायचं, इतकं ठरवलंय. पण ती आत्या आहे. माझं तोंड बघून, केवळ माझ्यासाठी म्हणून हसली, तर काय करू?