आधी तुम्ही सांगा

३ मार्च
पुन्हा ती नागमोडी चमक! आणि या वेळी भर सभेत. पहिल्या रांगेतल्या बायकांचे चेहरे अर्धेच दिसत होते, उरलेल्या जागी काचेचे तुकडे नाचत होते. तरी बोलत राहिले. टाळ्याही मिळाल्या. नंतर मागच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून तासभर पडून. नवरा म्हणाला, "आवाजाला धार होती हो, पण डोकं कापलं तुझंच." विनोद सुचतात याला!

५ मार्च
डॉक्टरांनी सरळ सांगितलं — गर्भनिरोधक गोळ्या आजपासून बंद. चमक दिसणारी अर्धशिशी असेल तर या गोळ्यांनी मेंदूत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सहा वर्षं घेते आहे मी त्या! तांबी दोनदा बसवली, दोनदा निघाली. आणि पुन्हा दिवस जाऊन चालणार नाही. लेकीच्या वेळी रक्तदाब असा चढला की तिचं तोंड मी चौथ्या दिवशी पाहिलं.
"मग इंजेक्शन घ्या," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांतून एक. तुमच्या कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर देतात."
इंजेक्शन. मी.

६ मार्च
सत्तावीस तारखेला महिला कामगारांची सभा आहे. ठराव — कारखान्याच्या दवाखान्यातलं गर्भनिरोधक इंजेक्शन बंद करा. ठराव कुणी लिहिला? मी. मांडणार कोण? मीच.
अकरा वर्षं यावर बोलते आहे. इस्पितळांत बाळंतिणीला खाटेवरच टोचायचं, कशाचं ते सांगायचं नाही, आकडा भरायचा, घरी पाठवायचं. अशा एकवीस बायकांना मी भेटले, एकेकीचं म्हणणं उतरवून घेतलं. त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही!
नवरा — "घे की गुपचूप. बाहीच्या आतलं कुणाला दिसतंय?"
मला दिसतंय ना!

९ मार्च
गेले. दवाखाना म्हणजे बॉयलरच्या पाठीमागची खोली. दोन स्टुलं, एक पडदा, उकळत्या पाण्याचा वास. सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या. मला लगेच ओळखलं.
"सत्तावीस तारखेला आमचं दुकान बंद करणार त्या तुम्हीच ना?"
"हो, मीच."
"बसा."
नुसतं बसा! मी भांडायच्या तयारीने गेले होते, सगळी तयारी वाया.
गोळ्या किती चुकल्या, विचारलं. म्हटलं, एखादी. "एखादी म्हणजे?" ...चार. दौऱ्यावर होते. लघवी तपासली. काही नाही, सुटले! मग दहा मिनिटं त्या इंजेक्शनाबद्दल सांगत होत्या. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."
मी सुरू केलं — बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हा मूळ प्रश्न...
"ताई, इथे माईक नाही. इंजेक्शन घेतल्यावर पाळीचं काय होतं?"
"बंद होते."
"लगेच?"
आठवेना! मी ऐकलंच नव्हतं. त्या बोलत असताना मी मनात उत्तर जुळवत होते. त्यांनाही ते कळलं होतं.
"आज देत नाही. पाळी आली की सात दिवसांच्या आत या. तोवर काळजी नवऱ्याने घ्यायची. सांगा त्यांना."
मला परत पाठवलं! मला!

१० मार्च
रक्तदाबाचा कागद विसरले होते, तो आणायला गेले. बाकावर थांबावं लागलं. बरं झालं.
एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. "हिला टोचा. माझी शिफ्ट सुरू व्हायच्या आत हिला घरी सोडायचंय." सून तळपायाकडे बघत उभी.
सिस्टर — "हिला बोलता येतं ना?"
"तिला काय कळतंय!"
"मग कळेपर्यंत तुम्ही बाहेर बसा काकू."
आणि दार बंद. वीस मिनिटं. सासूबाई माझ्या शेजारी बसून बांगड्या वाजवत होत्या. सून बाहेर आली ती हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन. म्हणाली, "मी गोळ्या घेणार. नको वाटल्या तर थांबवता येतात. इंजेक्शन आत गेलं की तीन महिने काढता येत नाही." एका दमात! सासूबाईंच्या बांगड्या थांबल्या.
"आणि माझ्या पोराने काय करायचं?"
"त्याला टोचून घ्यायचं असेल तर पाठवून द्या," आतून आवाज आला.
मी कागद न घेताच परत आले. रस्ताभर हसत होते, मग हसू थांबलं. ज्या एका प्रश्नासाठी मी अकरा वर्षं घसा फोडला, तो ही बाई रोज विचारते. माईक नाही, टाळ्या नाहीत. एका वेळी एकीला.

१४ मार्च
आज कागद आणला, आणि उगाच थोडी बसले. विचारलं, अशाने तुमचे आकडे कमी पडत नाहीत?
"पडतात की. सगळ्यांत कमी माझे. वरून दर महिन्याला पत्र येतं."
"मग काय करता?"
"टेबलाचा खण मोठा आहे."
मी शब्दांची माणूस. पण इतकं कमी बोलून इतकं काम करणारं दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

२१ मार्च
पाळीचा तिसरा दिवस. गेले. या वेळी मी सांगितलं — सुरुवातीला कशीही येईल, थेंब थेंब, दहा-पंधरा दिवससुद्धा. पुढे बंदही होईल, त्याने घाबरायचं नाही. वजन वाढू शकतं. सोडलं तरी दिवस राहायला कित्येक महिने लागतील. दुसऱ्या कुठल्या रोगापासून हे वाचवत नाही. तीन महिने झाले की परत यायचं.
"राहिलं काय?"
"एकदा आत गेलं की काढता येत नाही."
"मग?"
"मग काही नाही. ठरलंय माझं."
त्या पहिल्यांदा हसल्या. टोचलं. "चोळू नका."
निघताना विचारलं, सभेत तुमच्याबद्दल बोलू? "नको बाई. माझं चाललंय ते झाकलेलं आहे म्हणून चाललंय."

२४ मार्च
सेक्रेटरी विचारून गेला, भाषण तयार? हो म्हटलं. खोटं! तीन पानं फाडली. गप्प राहिले तर खोटी ठरते. बोलले तर अकरा वर्षांच्या जोडीदारणी तोंड फिरवतील. नवरा म्हणाला, "तुझ्या नावाचं काय?" नाव काय लोणचं आहे, बरणीत जपून ठेवायला?

२७ मार्च
बोलले! म्हटलं, ठराव मागे घेते. ते इंजेक्शन माझ्या दंडात आहे. मग मागून — "बाई फिरल्या!"
म्हटलं, फिरले नाही, शिकले. एकवीस बायकांना विचारलं नव्हतं, तो गुन्हा तेव्हाही होता, आजही आहे. पण गुन्हा औषधाचा नव्हता, न विचारण्याचा होता. नवा ठराव मांडला — बाई स्वतःच्या शब्दांत सगळं सांगत नाही तोवर तिला कुणी टोचायचं नाही. आणि मग राहवलं नाही. सिस्टरांचं सांगितलं. बंद दार, काकू, "इथे माईक नाही", खणातली पत्रं — सगळं! लोक हसले, रडले, उभे राहिले. ठराव एकमताने पास. अकरा वर्षांत अशा टाळ्या नाहीत.

२८ मार्च
त्यांना सांगायला गेले. त्यांना आधीच कळलं होतं.
म्हटलं, "सगळं कौतुकच केलं हो."
"तुम्ही मला विचारलं होतंत," सिस्टर म्हणाल्या. "मी नको म्हटलं होतं."
आवाज चढला नाही. उकळत्या पाण्यातून चिमट्याने एकेक वस्तू काढून त्या फडक्यावर ठेवत राहिल्या. मी उभी.

२९ मार्च
काल रात्रभर तेच वाक्य.

११ एप्रिल
थेंब थेंब, बारावा दिवस. वैताग! पण भीती नाही. सांगितलं होतं त्यांनी. चमक एकदाही नाही.

५ जून
सिस्टर गेल्या. मुख्य कचेरीत, नव्या नर्सना शिकवायला. बढतीच म्हणायची. कौतुक वरपर्यंत पोचलं — कुणामुळे, ते सांगायला नको. निरोपाला गेले तेव्हा खण रिकामा करत होत्या. "तिथे शिकवेन," म्हणाल्या, "पण तिथे बायका येत नाहीत ना." माझ्यावर राग आहे का, विचारलं. "होता. आता तुम्ही पुढच्या तारखा पाळा." केवढी मोठी बाई!

१३ जून
दुसरं इंजेक्शन. नवी सिस्टर तरुण, हसरी, हात हलका. आमचा ठराव भिंतीवर लावलाय, काचेच्या चौकटीत. मला काही विचारलं नाही. दीड मिनिट. माझ्यामागे सहा जणी होत्या. मला सभेला उशीर होत होता. मीही काही बोलले नाही.