एक दिवस पुढे

६ जानेवारी, सोमवार. नवीन जालना.

दुपारी पोचलो. संभाजीनगरहून दीड तासाचा रस्ता, पण फोटोसाठी सहा ठिकाणी थांबलो, त्यामुळे चार तास लागले. घाई करायला कोणी नव्हतं. एकतीस वर्षं विमा कार्यालयात काढून नोव्हेंबरात निवृत्त झालो, तेव्हाच ठरवलं होतं, एकदा एकट्यानं गाडी काढायची आणि नुसते देखावे टिपायचे. वंदनाला चल म्हटलं. ती म्हणाली, तुम्हीच जाऊन या, रोज फोन नाही केलात तरी चालेल. रागानं नाही म्हणाली. आमच्याकडे असंच आहे. जेवताना ती टीव्ही बघते, मी ताट बघतो.

लॉजच्या गच्चीवरून पहिला फोटो काढला. बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, मोटारसायकली, मागे स्टेशन. पाय दुखतायत, पण छान वाटतंय.

७ जानेवारी, मंगळवार. घनसावंगीचा रस्ता.

सकाळचं ऊन मोसंबीच्या बागांवर तिरपं पडलं होतं. एका बांधावरून फोटो चांगला आला असता, म्हणून हरभऱ्यात खुरपत असलेल्या म्हातारीला विचारलं. सोनूबाई त्यांचं नाव. त्या हसायलाच लागल्या. काल इचारलं ना, म्हणाल्या, आता रोज इचारता का? मी म्हटलं, मी आज पहिल्यांदाच येतोय.

"न्हाई हो. हीच पांढरी गाडी, हीच टोपी. चहा पिऊन गेल्ते तुम्ही."

कोणीतरी दुसरा असेल. फोटो काढले. परत येऊन पाहिले तर सगळे मळकट. ऊन तर लख्ख होतं.

८ जानेवारी, बुधवार. जांब समर्थ.

देवळाबाहेर बद्रीनाथ नावाचे गृहस्थ फुलं-प्रसाद विकतात. मला पाहून त्यांनी गल्ल्यातून लेन्सचं काळं झाकण काढलं आणि हातात ठेवलं. काल विसरून गेल्ते, म्हणाले. माझं झाकण लेन्सवरच होतं. काढून शेजारी धरलं. दोन्हींच्या कडेला एकाच जागी तोच ओरखडा.

बद्रीनाथ सांगत होते की काल मी तासभर बसलो, सगळ्यांना हसवलं, बायकोची फार तारीफ केली. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, रातच्याला झोप न्हाई लागली का?

मी वंदनाची तारीफ शेवटची कधी केली, ते आठवत बसलो. आठवलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार. अंबड.

लॉजच्या रजिस्टरात माझ्या वरच्या ओळीत भालचंद्र देऊळगावकर. माझंच नाव, माझंच अक्षर, तारीख कालची. मॅनेजर म्हणाला, सकाळीच तर गेलात साहेब, काही राहिलं का?

खोलीत बसून आठवडा बोटांवर मोजला. डोकं ठिकाणावर आहे. मी काल इथे नव्हतो. पण खांदे असे उतरलेत, जणू प्रत्येक रस्ता मी दोनदा चाललोय.

उद्या बेत बदलतो. कोणाला सांगणार नाही. उलटा, उत्तरेला.

१० जानेवारी, शुक्रवार. भोकरदनकडे.

मुख्य रस्ता सोडला. नाव नसलेल्या दोन फाट्यांवर मनाला येईल तसा वळलो. शेवटी एक तळं लागलं, बाभळी, शेळ्या. गाडी थांबायच्या आधीच शेळ्यांमागचा माणूस तांब्या घेऊन उठला. धर्मराज म्हणाला नाव. पाणी प्या म्हणाला. मी विचारलं, मला ओळखता का?

"तुम्हाला न्हाई. काल तुमचे भाऊ आल्ते. म्हणले, उद्या एक माणूस येईल, दिसायला माझ्यासारखाच, पण लई थकलेला. त्याला पाणी दे. मंग मी सकाळपासून वाट बघून राह्यलो."

पाणी प्यायलो. थंड होतं.

भाऊ आणखी काय म्हणाले, विचारलं. घरी जातो म्हणाले.

कॅमेरा गाडीतून काढलाच नाही.

११ जानेवारी, शनिवार. बदनापूर.

फार तर चाळीस किलोमीटर राहिलेत. पाय क्लचवर टिकत नाही. रस्त्याकडेला थांबून वंदनाला फोन केला.

तिनं विचारलं, यांचा फोन तुम्हाला कुठे सापडला हो? काल घरी आले तेव्हा म्हणाले, वाटेत हरवला.

मी म्हटलं, वंदना, मी बोलतोय.

ती म्हणाली, आवाज अगदी यांच्यासारखा आहे तुमचा, पण किती दमलेला. बसा कुठेतरी. मागून कोणीतरी काहीतरी बोललं, आणि ती हसली. मोकळी, पूर्वीसारखी. किती वर्षांनी –

मग तो फोनवर आला. माझाच आवाज. शांतपणे म्हणाला, आता येऊ नका. मी बघतो तिच्याकडे.

त्यानं फोन ठेवला.

१२ जानेवारी, रविवार.

गाडीतच. लिंबाखाली.

टपरीवर दोनदा चहा मागितला. चहावाल्यानं वर पाहिलं नाही. आज कोणीच म्हणालं नाही, काल आल्ते म्हणून. कोणीच काही –

निघायला हवं. तासाभराचा तर रस्ता. दार वाजवायचं, तिला सांगायचं – काय सांगायचं? ती हसत होती. माझ्यासमोर कधी –

हात उचलत नाही. अक्षर फिकं पडतंय, पेनात शाई आहे तरी –

नाही, जातो. वंदना, मी येतोय. मी तुझा –