ट्रेलर गंजू न देण्याची माझी पद्धत

२ फेब्रुवारी
बोट आली! जुनी, पण तब्येत खणखणीत. चौदा फूट. सोबत दोन चाकांचा ट्रेलर. गॅरेजवाला (सगळे त्याला ग्रीसमामा म्हणतात) पाठीवर सरपटत ट्रेलरखाली जाऊन आला. म्हणाला, साहेब, समुद्र बोटीला खात नाही, ट्रेलरला खातो. खाऱ्या पाण्यातून बाहेर काढला की गोड्या पाण्याने धुवायचा. त्याच दिवशी. ‘त्याच दिवशी’ तो तीनदा म्हणाला. मी लहान आहे का?
संकल्प: दर खेपेला धुणे. अपवाद नाही.

३ फेब्रुवारी
एप्रिलात सासरे येणार. छत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. सासूबाई गेल्यापासून चार वर्षं खुर्ची सोडलेली नाही, समुद्राचं नावही काढत नाहीत. बायको म्हणाली, बाबांना एकदा पाण्यावर न्यायचंच. म्हणालो, झालं समज. ती म्हणाली, तुम्ही असं म्हणालात की मला धडकी भरते.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिली खेप. बोट सोडायला ट्रेलर धक्क्याच्या उतारावरून पाण्यात न्यायचा. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. कंपनीची चूक दिसते. मागे रांग लागली होती. एका कोळ्याने मदत करू का विचारलं. नम्रपणे नाही म्हणालो. चाळीस मिनिटांनी त्याने न विचारताच केली.
ग्रीसमामाने सांगितलं होतं, रस्त्यावरून आल्यावर चाकं अर्धा तास गार होऊ द्या, नाहीतर तापलेलं बेअरिंग पाणी आत ओढतं. पण एवढी माणसं खोळंबलेली, आपण थांबणं बरं दिसतं का? पाण्यात जाताना चाकांतून तव्यावर शिंतोडे पडावेत तसा चर्रर्र आवाज आला. छान वाटला.
दमलोय. धुणं उद्या.

१० फेब्रुवारी
पाइप ट्रेलरपर्यंत पोचत नाही. सहा फूट कमी. नवा आणणे.

१७ फेब्रुवारी
नवा पाइप आणला. बायकोने टोमॅटोंना लावला. आता टोमॅटोंच्या तोंडचं पाणी कसं काढायचं? मलाही काळीज आहे.

२ मार्च
चार खेपा झाल्या. ट्रेलरच्या स्प्रिंगांवर तपकिरी ठिपके. मूळचाच रंग असावा. बायको म्हणाली, गंज आहे. मी समजावलं की मिठाने वस्तू टिकते, हवं तर कुठल्याही लोणच्याला विचार. ती म्हणाली, लोणच्यावर बोट ठेवून कोणी हायवेने जात नाही.

१५ मार्च
ग्रीसमामा रस्त्यात भेटला. धुता ना, म्हणाला. हो म्हणालो. खोटं नाही, गाडी धुतो.

२८ मार्च
मुळावर घाव! चंदेरी रंगाचे दोन डबे आणले. गंज घासून मग रंग द्या असं डब्यावर लिहिलंय, पण आत बंद केला की गंज गुदमरणारच. ट्रेलर लख्ख. आता गंजाची काय बिशाद!

६ एप्रिल
सासरे आले. चहाही न घेता काठी टेकत थेट ट्रेलरपाशी. स्प्रिंगवर नखाने टोकरलं. चंदेरी पापुद्रा निघाला, त्यामागून तपकिरी भुगा. भुगा बोटांत चोळला. म्हणाले, जावईबापू, चमक छान आहे. छत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसाचं सर्टिफिकेट!
बायको म्हणाली, ग्रीसमामाला दाखवून घेऊ. म्हणालो, रविवारची बाबांची फेरी झाल्यावर.

८ एप्रिल, रविवार
घटना जशी घडली तशी लिहितो.
सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना उतारावरच बोटीत बसवलं. बायको आधाराला शेजारी. दोघांना लाइफ जॅकेट. बोटीचे पट्टे सोडले. (माझं नियोजन.) मी सफाईने रिव्हर्स घेतला. चाकं पाण्यात जेमतेम बुडाली आणि कडाड्! डावी स्प्रिंग मोडली, ट्रेलर त्या बाजूला बसला आणि बोट माझी परवानगी न घेता घसरून पाण्यात गेली.
मी ओरडलो, घाबरू नका. ते घाबरलेच नव्हते. सासऱ्यांनी मागे सरकून इंजिनची दोरी ओढली. एकदाच. सुरू! वळणसुद्धा न चुकता त्यांनी बोट बाहेर काढली. बायको हसत होती. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले ते आठवेना.
दोघं दीड तास पाण्यावर होती. तेवढा वेळ मी उतारावर, मोडक्या ट्रेलरपाशी. मागे सात बोटी. ग्रीसमामा आला, वाकून पाहिलं, माझी पाठ थोपटली. ते जास्त लागलं.

९ एप्रिल
ट्रेलर भंगारात. उचलताना दुसरी स्प्रिंग हातात आली. ग्रीसमामाला सांगितलं, मीठ इथल्या पाण्यात जरा जास्तच आहे. तो म्हणाला, हो साहेब, तुमच्याच वेळी वाढतं.

१९ एप्रिल, सकाळी
बोट आता धक्क्यालाच बांधलेली असते. सासरे मुक्काम वाढवणार आहेत. रोज सातला तयार, काठी घरी विसरून. बायको बोट चालवायला शिकली. आज मीही जॅकेट चढवून गेलो. सासरे म्हणाले, जावईबापू, काठावर एक भरवशाचा माणूस लागतो. बायकोने दोर माझ्या हातात दिला.
सांगितल्यावर मी दोर सोडला. अगदी वेळेवर सोडला, असं दोघंही म्हणाले.